मोटार जळली म्हणण्याआधी: रंधा, कटर आणि लेथच्या मोटारी कशा तपासायच्या, खर्च किती धरायचा

सावंतवाडीत आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवते. पंपाच्या, गिरणीच्या मोटारी येतातच, पण सुतारांच्या सगळ्यात जास्त. चितारआळीतले खेळण्यांचे लेथ, गावागावांतल्या शेडमधले रंधे आणि कटर, फर्निचरवाल्यांचे बँडसॉ. चतुर्थीच्या आधी तर दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पाट, मखर, दारं-खिडक्या सगळ्यांना गणपतीच्या आत हवं असतं आणि नेमका तेव्हाच पाऊस कोसळत असतो.

गिऱ्हाईक टेम्पोतून मोटार उतरवतं आणि म्हणतं, "ताई, जळली. भरून टाका." भरणं म्हणजे आतलं वाइंडिंग, तारेच्या गुंडाळ्या, काढून नव्या घालणं. मी आधी तपासते. आलेल्यांपैकी बऱ्याच मोटारींचं वाइंडिंग धड असतं. कुठे कंडेन्सर गेलेला, कुठे बेअरिंग धरलेलं, कुठे नुसता ओलावा. शंभरापासून आठशे रुपयांपर्यंतच्या कामासाठी तीन हजार मोजायची तयारी करून माणूस आलेला असतो. ज्या खरंच जळालेल्या असतात, त्यांचं कारण बहुतेक वेळा मोटारीच्या बाहेर असतं. वायर बारीक, ब्लेड बोथट, एक फेज गायब. ते कारण तसंच ठेवून मोटार भरली तर ती पुन्हा जळते आणि दोष वाइंडिंगवाल्याच्या माथी येतो. म्हणून मोटार उचलून आणण्याआधी शेडमध्येच काय बघायचं, ते इथे सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी पट्टा काढा

मेन स्विच बंद करा, प्लग काढा किंवा एमसीबी पाडा, आणि कुणी येऊन चालू करणार नाही याची खात्री करा. मग मोटारीवरचा पट्टा काढा. पुली हातानं फिरवा. मोटार हलकी फिरत असेल आणि रंध्याचा ड्रम किंवा कटरचा शाफ्ट जड लागत असेल, तर दोष मशीनच्या बेअरिंगमध्ये आहे आणि मोटार बिचारी ओझं ओढून तापतेय. मला तर असंही दिसलंय, की रंध्याच्या ड्रमच्या प्लमर ब्लॉकमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या घरात, ग्रीसच्या जागी भुशाची पेंड झालेली असते.

उलट मोटारच जड लागली, फिरताना खरखरली, तर तिचं बेअरिंग गेलंय. शाफ्ट धरून वर-खाली हलवून बघा. हाताला खेळ जाणवला तर मशीन अजिबात चालवू नका. बेअरिंग झिजलं की रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, खाली बसतो आणि स्टेटरला, म्हणजे भोवतीच्या तारा भरलेल्या स्थिर भागाला, घासतो. त्या दोघांमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आगेमागे असते. घासायला लागला की स्टेटरच्या पत्र्या तापतात, स्लॉटमधला, म्हणजे तारेच्या खाचांतला, कागद करपतो आणि दोन-तीनशेच्या बेअरिंगपायी सगळं वाइंडिंग जातं.

एक ते पाच एचपीच्या मोटारींत बहुतेक 6203 पासून 6206 पर्यंतची बेअरिंगं असतात. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो. लाकडाच्या मशीनला पत्र्याच्या झाकणाचं, म्हणजे झेडझेड लिहिलेलं बेअरिंग बसवण्यापेक्षा रबरी सीलचं, टू-आरएस लिहिलेलं घ्या. किमतीत थोडाच फरक पडतो, पण एमडीएफचा पिठासारखा भुसा पत्र्याच्या फटीतून आत जातो, रबरातून सहसा जात नाही. बेअरिंग हातोडीनं ठोकून बसवणाऱ्याकडे मोटार देऊ नका. बाहेरच्या रिंगवर ठोका बसला की नवं बेअरिंगसुद्धा पहिल्या दिवसापासून आवाज करतं.

"गुरगुरता, पण फिरना नाय"

आमच्याकडे सिंगल फेजच्या मोटारींची ही सगळ्यात नेहमीची तक्रार. स्विच टाकला की मोटार घूंऽऽ करते, जागची हलत नाही, थोड्या वेळात फ्यूज जातो किंवा वास येतो. लगेच बंद करा. थांबलेल्या मोटारीतून नेहमीच्या पाच-सहा पट करंट जात असतो. अर्ध्या मिनिटाचा हट्टही तिला महागात पडतो.

आता पट्टा काढलेला आहे आणि ब्लेडचा मोटारीशी काही संबंध उरलेला नाही, असं असेल तरच पुढची चाचणी करा. ज्या कटरला ब्लेड थेट मोटारीच्या शाफ्टवर असतं, त्यावर ती अजिबात करू नका. स्विच टाका आणि लाकडी काठीनं पुलीला एका बाजूला ढकला. मोटार ज्या बाजूला ढकलली त्या बाजूला वेग घेऊन नीट चालू लागली, तर रनिंग वाइंडिंग चांगलं आहे. गेलंय ते सुरुवातीचं काहीतरी. त्यात तीनच गोष्टी येतात: कंडेन्सर, आतला सेंट्रिफ्युगल स्विच (मोटारीनं वेग घेतला की सुरुवातीची जोडणी तोडणारा), किंवा स्टार्टिंग वाइंडिंग (मोटार उठवणारी दुसरी गुंडाळी).

कंडेन्सर आधी. लाइन बंद केल्यावरही त्यात वीज साठलेली असते, ती झटका देते. दोन वायरी सुटलेल्या होल्डरमध्ये साधा शंभर वॅटचा बल्ब लावून त्या वायरी कंडेन्सरच्या टोकांना टेकवा, रिकामा होईल. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडून रिकामा करणारे खूप आहेत. त्यात टोकं वितळतात, कधी कंडेन्सर फुटतो. मग मायक्रोफॅरड मोजणारं मल्टिमीटर लावा. असं मीटर हजार-बाराशेत येतं आणि शेडमध्ये असायलाच हवं. लिहिलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त उतरलेला असेल तर बदला. 36 लिहिलंय आणि मीटर 27 दाखवतंय, तर तो गेला. फुगलेला किंवा तेल गळणारा असेल तर मोजायचीही गरज नाही.

नवा घेताना आकडा तोच घ्या, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त. "मोठा टाका म्हणजे जोर येईल" हे मला रोज ऐकू येतं. रनिंग कंडेन्सर (मोटार फिरत असतानाही जोडलेला राहणारा) मोठा टाकला की स्टार्टिंग वाइंडिंगमधून कायम जास्त करंट जातो आणि महिन्या-दोन महिन्यांत तेच वाइंडिंग काळं पडून मोटार माझ्याकडे येते. जोर कमी वाटत असेल तर कारण दुसरीकडे आहे, ते पुढे सांगते.

कंडेन्सर ठीक निघाला तर स्विचकडे या. मोटार वरच्यासारखीच काठीनं ढकलून चालू करा, मग लाइन बंद करा आणि वेग उतरताना कान द्या. थांबायच्या थोडं आधी आतून 'टक्' असा आवाज यायला हवा. तो सेंट्रिफ्युगल स्विच परत जागेवर बसल्याचा आवाज. तो आला नाही तर स्विच अडकलाय. उघडा राहिला असेल तर मोटार पुढच्या वेळी नुसती गुरगुरेल. चिकटलेला राहिला तर जास्त वाईट, कारण स्टार्टिंग वाइंडिंग बारीक तारेचं आणि सुरुवातीचा मोठा करंट दोन-तीन सेकंदच सोसेल असं केलेलं असतं. तो करंट तसाच चालू राहिला की मिनिटभरात धूर येतो आणि स्टार्टिंग कंडेन्सर (फक्त सुरुवातीला लागणारा) फुटतो. लाकडाच्या मशीनमध्ये हा स्विच अडकायचं कारण जवळजवळ ठरलेलं: कॉन्टॅक्टवर भुसा आणि ग्रीस यांचा चिकट थर. कव्हर उघडून बारीक पॉलिश पेपरनं कॉन्टॅक्ट साफ करा, स्प्रिंग तपासा. कॉन्टॅक्ट खड्डे पडून जळाले असतील तर स्विच नवा टाका, दीडशे ते तीनशे रुपयांत येतो.

राहिलं स्टार्टिंग वाइंडिंग. ते मल्टिमीटरनं ओहममध्ये मोजा. दोन्ही वाइंडिंगं वेगवेगळी करून मोजली की स्टार्टिंगचा आकडा रनिंगपेक्षा मोठा येतो. मीटर काहीच दाखवत नसेल, तर तार तुटलीय.

मोटार उठत नाही, फळी सरकवली की दबते

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण गावाकडच्या शेडमध्ये सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात.

समजा दीड-दोन एचपीची सिंगल फेज मोटार आहे. सुरू होताना ती चाळीस अँपिअरच्या आसपास करंट ओढते. घरातल्या बोर्डापासून शेडपर्यंत तीस मीटरवर तुम्ही एक स्क्वेअर एमएमची वायर ओढली आहे. जायला तीस, यायला तीस, साठ मीटर तांबं झालं. या वायरीचा रेझिस्टन्स एक ओहमच्या थोडा वर जातो. चाळीस अँपिअरला तिथेच चाळीस-पंचेचाळीस व्होल्ट खाल्ले जातात. बोर्डावर 230 असले तरी मोटारीला 185-187 मिळतात. आणि मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं उतरतो, म्हणजे व्होल्टेज पाचव्या हिश्श्यानं कमी झालं की जोर तिसऱ्या हिश्श्यानं जातो. ती रडत रडत वेग घेते, सेंट्रिफ्युगल स्विच वेळेवर सुटत नाही आणि तापते. तीच वायर अडीच स्क्वेअर एमएमची असती तर सुरुवातीला सतरा-अठरा व्होल्टच गेले असते.

म्हणून व्होल्टेज मोजायचं ते मोटारीच्या टर्मिनलवर, आणि मोटार सुरू होत असताना. बोर्डावर मोजून "आमच्याकडे दोनशे तीस आहेत ताई" म्हणणाऱ्यांना मी मीटर देऊन परत पाठवते. संध्याकाळी लाइन ज्यांच्याकडे पडते, त्यांनी जड लाकूड सकाळी काढावं. फणस किंवा आंब्याची ओली फळी रंध्यावर एका वेळी मोठा घास देऊन ढकलू नये. रंध्याची पाती आणि कटरचं ब्लेड धार लावलेलं असावं. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून करंट मोजायचं) लावून बघा: बोथट पात्यावर आणि नव्या धारेवर त्याच फळीला मोटार किती करंट ओढते यात डोळ्यांना दिसेल एवढा फरक असतो. धार लावायला लागणारे पैसे वाइंडिंगपुढे काहीच नाहीत.

थ्री फेजची तपासणी

थ्री फेज मोटारीला कंडेन्सर नाही, स्विच नाही, म्हणून ती दणकट. तिचा शत्रू एकच, एक फेज जाणं. चालू असताना एक फेज गेला तरी मोटार थांबत नाही, आवाज बदलून फिरत राहते आणि राहिलेल्या वाइंडिंगमधून जास्त करंट ओढते. रंध्याच्या आवाजात तो बदल कळतही नाही.

तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात. आधी मीटरनं आर-वाय, वाय-बी, बी-आर असे तीनही जोड मोजा, प्रत्येकी 415 च्या आसपास हवेत. मग क्लॅम्प मीटरनं तिन्ही वायरींचा करंट बघा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत आणि मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरच्या आत. पाटी पुसली गेली असेल तर अंदाज असा: दोन एचपीला साडेतीनच्या, तीनला पाचच्या, पाचला साडेसातच्या आसपास. लाइन बंद करून, टर्मिनलच्या पट्ट्या काढून तिन्ही कॉइलींचा ओहम मोजा, तोही सारखा यायला हवा. एका कॉइलीचा आकडा कमी आला तर आत शॉर्ट आहे.

लाइनवर काम झालं, खांब बदलला, किंवा शेडची वायरिंग नवी केली, की मोटार उलटी फिरण्याची शक्यता असते. ब्लेड बसवण्याआधी मोटार क्षणभर चालू करून दिशा बघा. उलट्या दिशेनं कटरचं नट सैल होतं आणि ब्लेड सुटतं. कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल केल्या की दिशा बदलते.

अलीकडे काहींनी सिंगल फेज लाइनवर व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावून थ्री फेज मोटार चालवायला सुरुवात केली आहे. लेथला वेग कमी-जास्त करायला ते फार छान. पण असा ड्राइव्ह 230 व्होल्ट बाहेर देतो, म्हणून 415 ला स्टार जोडलेली छोटी मोटार त्यावर डेल्टात जोडावी लागते (स्टार आणि डेल्टा या तीन कॉइली एकमेकींना जोडायच्या दोन पद्धती). पाटीवर दोन्ही व्होल्टेज लिहिलेली आहेत ना, ते आधी बघा. स्टारमध्येच ठेवलेली मोटार दबते आणि लोक ड्राइव्हला नावं ठेवतात. आणि ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर, पुढे येतंच) लावू नका, ड्राइव्हच जाईल.

पावसात "बॉडीला करंट मारते"

जून ते सप्टेंबर ही आमच्याकडची नेहमीची गोष्ट. महिनाभर बंद असलेली मोटार सुरू केली की अर्थिंगचा ब्रेकर पडतो, किंवा बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात. मेगर, म्हणजे 500 व्होल्टवर इन्सुलेशन मोजायचं मीटर, वाइंडिंग आणि बॉडीमध्ये लावलं की एक मेगओहमच्या खाली आकडा येतो. अशी मोटार चालवायची नाही. पण ती भरायचीही घाई करायची नाही. पुष्कळ वेळा तिला फक्त वाळवायची असते.

दोन्ही बाजूंची कव्हरं काढा, रोटर बाहेर घ्या, स्टेटरच्या पोकळीत साठ किंवा शंभर वॅटचा पिवळा बल्ब तारेला न टेकता लटकवा आणि रात्रभर ठेवा. एलईडी चालणार नाही, त्याला उष्णता नसते. भुशापासून, फळ्यांपासून लांब ठेवा, वर पोतं टाकू नका, हवा जाऊ द्या. सकाळी थंड झाल्यावर पुन्हा मेगर लावा. रात्री 0.2 दाखवणारी मोटार सकाळी दहा-वीसच्या वर गेलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. त्यावर वार्निशचा एक हात मारून वाळवली की पावसाळा निघतो. आकडा वाढलाच नाही तर मात्र स्लॉटमधला कागद गेलाय.

बंद हंगामात आठवड्यातून एकदा मोटार दहा मिनिटं नुसती फिरवली तरी ओलावा बसत नाही. आणि अर्थिंग नसलेल्या शेडमध्ये मी कुणाला मोटार लावू देत नाही. ओल्या जमिनीवर उभं राहून काम करणाऱ्या माणसाचा जीव त्या एका हिरव्या वायरीवर असतो.

जळलेली मोटार वाचायची कशी

खरंच जळली असेल तर कव्हर उघडल्यावर कॉइलींची डोकी नीट बघा. जळण्याच्या खुणा कारण सांगतात.

सगळ्या कॉइली सारख्याच काळ्या पडल्या असतील, तर ओझं जास्त झालंय, व्होल्टेज कमी होतं, किंवा पंख्याची जाळी भुशानं बुजून हवा बंद झाली होती. थ्री फेजमध्ये दोन गट काळेठिक्कर, मग एक गट तांबूस स्वच्छ, पुन्हा दोन काळे, असं गोल फिरत दिसलं, तर स्टारमध्ये जोडलेल्या मोटारीचा एक फेज गेला होता. डेल्टामध्ये उलटं दिसतं: एकाच फेजचे गट काळे, बाकी दोन्हींचे चांगले. सिंगल फेजमध्ये फक्त बारीक तारेचं वाइंडिंग करपलं असेल, तर सेंट्रिफ्युगल स्विच चिकटला होता किंवा कंडेन्सर चुकीचा होता. स्लॉटच्या तोंडाशी एकाच जागी तांबं वितळून गोळी झाली असेल आणि बाकी सगळं चांगलं असेल, तर कागद फाटून बॉडीला शॉर्ट झालं. आणि स्टेटरच्या आतल्या बाजूला एका ठिकाणी चकचकीत घासल्याचा पट्टा दिसला, तर बेअरिंगनं घात केलाय.

वाइंडिंगवाल्याला सांगा, जुनी तार काढण्याआधी उघडलेल्या मोटारीचा फोटो पाठव. चांगला कारागीर आनंदानं पाठवतो. तो फोटो बघून तुमच्या शेडमध्ये काय दुरुस्त करायचं ते कळतं. फेज गेल्यानं जळली असेल तर सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारं उपकरण) लावल्याशिवाय ती मोटार पुन्हा जोडू नका. हजार-दीड हजारात बसतो.

हातातली मशीनं

हँड कटर, हँड प्लेनर, राउटर, ट्रिमर यांत वेगळी मोटार असते, कार्बन ब्रशची. कार्बन पाच-सहा मिलिमीटरपर्यंत झिजले की जोडीनं बदला, एकच बदलू नका. चालताना कार्बनपाशी थोडी निळी ठिणगी चालते. ठिणग्यांचं कडं पूर्ण गोल फिरत असेल तर आर्मेचर, म्हणजे तारा भरलेला फिरणारा भाग, शॉर्ट आहे. मशीन बंद करून कम्युटेटर (कार्बन टेकतात ती तांब्याच्या पट्ट्यांची गोल कडी) बघा: शेजारशेजारच्या दोन-तीन पट्ट्याच काळ्या असतील तर आर्मेचरची एक कॉइल तुटलीय.

छोट्या मशीनचं आर्मेचर मी आता शक्यतो भरत नाही, नवंच सुचवते. भरायला चार-सहाशे लागतात, नवं सहाशे ते पंधराशेत मिळतं आणि नवं कारखान्यातून बॅलन्स करून आलेलं असतं. राउटर मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेतो, तिथे हातानं भरलेल्या आर्मेचरचं थोडंसं असंतुलनही बेअरिंग खातं. ब्रशलेस मशीन असेल तर बहुतेक वेळा वाइंडिंग शाबूत असतं आणि आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलेला असतो. त्याची किंमत विचारल्याशिवाय उघडायला देऊ नका, कधीकधी ती नव्या मशीनच्या निम्म्यावर जाते.

खर्चाचा हिशोब

हे भाव आमच्या भागातले, ढोबळ धरा. शहरात मजुरी वेगळी आणि तांब्याचा भाव सारखा हलतो. वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेचा भाव आता किलोला हजाराच्या वर आहे आणि एक ते तीन एचपीच्या मोटारीत साधारण दीड ते तीन किलो तार बसते. त्यावरून तुम्हीच हिशोब लावू शकता.

कंडेन्सर शंभर ते दोनशे. बेअरिंगची जोडी मजुरीसकट पाचशे ते आठशे. वाळवून वार्निश मारायचे चारशे-पाचशे. एक एचपी सिंगल फेज भरायला 1,800 ते 2,500. दोन एचपीला 2,500 ते 3,500. थ्री फेज तीन एचपीला 3,000 ते 4,000, पाचला 4,000 ते 5,500. नवी मोटार चांगल्या कंपनीची घेतली तर एक एचपीला सहा-आठ हजार, तीनला दहा-बारा, पाचला चौदा ते अठरा हजार.

माझा स्वतःचा हिशोब असा: वाइंडिंग, बेअरिंग, स्विच सगळं धरून खर्च नव्याच्या निम्म्याच्या आत असेल आणि कोअर, म्हणजे स्टेटरच्या पत्र्यांचा गठ्ठा, चांगला असेल तर भरा. जुन्या ओतीव लोखंडाच्या मोटारी मी नेहमी भरायलाच सांगते, त्यांची बॉडी, शाफ्ट आजच्या हलक्या मोटारींपेक्षा भक्कम आहे. पण रोटर घासून पत्र्या खराब झाल्या असतील, किंवा आधी दोन-तीनदा भरलेली असेल आणि प्रत्येक वेळी गॅसच्या शेगडीवर जाळून तार काढली असेल, तर पैसे घालू नका. जास्त तापवलं की पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं, मग मोटार रिकामी असतानाही जास्त करंट खाते आणि बिल कायम वाढतं.

मोटार देताना कारागिराला चार गोष्टी स्पष्ट विचारा. तार तांब्याची की ॲल्युमिनियमची? स्वस्त भावात भरून देणाऱ्याकडे ॲल्युमिनियम असू शकतं, आणि त्याच स्लॉटमध्ये त्याच जाडीची ॲल्युमिनियमची तार घातली की ती जास्त तापते. गेज, म्हणजे तारेची जाडी, आणि फेरे जुन्याइतकेच ठेवणार का? बारीक गेज घालून कमी तांब्यात काम उरकता येतं, बाहेरून काही कळत नाही. वार्निश बुडवून भट्टीत भाजणार, की नुसता ब्रश फिरवणार? मशीनच्या थरथरीत न भाजलेल्या तारा एकमेकींना घासून इनॅमल सोलतात. आणि जुनं जळकं तांबं कुणाचं? त्यालाही किलोला चांगला भाव येतो. आमच्याकडे ते गिऱ्हाइकाला परत देतो किंवा बिलातून वजा करतो. इतर ठिकाणी मजुरीत धरलेलं असतं. आधी ठरलेलं बरं.

घ्यायला गेलात की तिथेच रिकामी चालवून तिन्ही फेजचा करंट मोजून मागा. थ्री फेज मोटार रिकामी असताना पाटीवरच्या करंटच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत करंट घेते. त्याहून बराच जास्त घेत असेल तर फेरे कमी पडलेत किंवा कोअर गेलाय. तासभर रिकामी चालवून बॉडीवर हात ठेवा. कोमट ठीक आहे, हात ठेववत नसेल तर घरी नेऊ नका.

परत बसवताना

सोडण्याआधी टर्मिनलच्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढला असेल तर जोडताना गोंधळ होत नाही. पट्टा न लावता आधी दहा मिनिटं चालवा, दिशा बघा. मग पट्टा लावा, पण फार ताणू नका, मध्यावर अंगठ्यानं दाबला की थोडा दबला पाहिजे. अति ताणलेला पट्टा पुलीकडचं बेअरिंग खातो. मग चांगल्या धारेवर हलकी फळी काढून करंट मोजा.

ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटार बंद करणारा) पाटीवरच्या अँपिअरवर ठेवा. वारंवार ट्रिप होतेय म्हणून रिलेचा आकडा वाढवू नका. तो ट्रिप होतोय म्हणजे मोटारीला त्रास आहे. आणि चाकू स्विच किंवा साधा एमसीबी लावून थेट रंधा-कटर चालवणाऱ्यांनी बटणाचा डीओएल स्टार्टर लावावा. लाइन गेली की त्याची नो-व्होल्ट कॉइल सुटते, आणि लाइन परत आल्यावर हिरवं बटण दाबेपर्यंत मशीन सुरू होत नाही. काही सिंगल फेज मोटारींच्या आत मात्र तापल्यावर सुटणारं आणि थंड झाल्यावर आपोआप जोडलं जाणारं प्रोटेक्टर असतं. अशी मोटार ब्लेडवर असेल आणि मध्येच थांबली, तर आधी मेन बंद करा, प्लग हातात घ्या, आणि मगच अडकलेली फळी काढायला हात घाला.